मेल सर्व्हरवरून काही पत्रे जातात आणि काही परत येतात. आयपीव्ही६ (आयपीव्ही४नंतरची इंटरनेट पत्त्यांची पद्धत) बंद करणे हाच उपाय आहे का?

नाही. जीमेलकडे जाणाऱ्या पत्रांपैकी काही परत येतात आणि सगळे आयपीव्ही६ बंद करायला सांगतात, असे आपण लिहिले आहे. हाच सल्ला बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीला देण्यात आला होता, आणि तो खोडून काढण्यासाठी मला मालकांसमोर बराच वाद घालावा लागला.

कोल्हापूर-इचलकरंजीच्या गिऱ्हाइकांची कोटेशने परत येऊ लागली, तेव्हा फायरवॉल बसवणाऱ्या सल्लागाराने 'आयपीव्ही६ आपल्याकडे अजून चालत नाही' असा निकाल देऊन टाकला. सर्व्हर माझ्याकडे आल्यावर मी लॉग पाहिला, तर परत आलेले प्रत्येक पत्र आयपीव्ही६वरून निघालेले होते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये 'एसएमटीपी अ‍ॅड्रेस प्रेफरन्स' ही सेटिंग मुळात 'एनी' (कोणताही) असते; समोरच्या सर्व्हरला आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते असतील, तर त्यांपैकी कोणताही आधी वापरला जातो, म्हणून दोष अधूनमधूनच दिसतो. आयपीव्ही६वरून येणाऱ्या पत्रासाठी जीमेलला पाठवणाऱ्या पत्त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी) आणि एसपीएफ (डोमेनची पत्रे कोणत्या पत्त्यांवरून निघू शकतात याची यादी) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) लागते. येथे पीटीआर कोणी मागितलेली नव्हती, डीकेआयएम नव्हते आणि एसपीएफमध्ये आयपीव्ही४चाच पत्ता होता.

या नोंदी पूर्ण केल्यावर साधी पत्रे जाऊ लागली, परंतु ड्रॉइंग जोडलेली पत्रे मध्येच अडकून राहत, आणि सल्लागाराला पुन्हा बोलायला जागा मिळाली. कारण त्याच्याच फायरवॉलमध्ये होते. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे (माहितीच्या गठ्ठ्याचे) तुकडे करत नाही. पॅकेट मोठे असल्याचा निरोप तो आयसीएमपीव्ही६ने (आयपीव्ही६मधील अडचणी व सूचना कळवणाऱ्या संदेशांनी) पाठवणाऱ्याला कळवतो. फौंड्रीची लाइन पीपीपीओई या ब्रॉडबँड पद्धतीची, म्हणजे एका पॅकेटची मर्यादा १५००ऐवजी १४९२ बाइटची, आणि सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवलेले, त्यामुळे तो निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हता. तो नियम काढताच ड्रॉइंग जाऊ लागली. ज्या प्रोटोकॉलचे मूळ विनिर्देश १९९५ साली आरएफसी १८८३ (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाले, त्याला नवखा आणि बेभरवशाचा ठरवणे हे तपास टाळण्याचे निमित्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डव्हकॉटमध्ये (पेटीतील पत्रे वाचायला देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काय पाहावे, असेही आपण विचारले आहे. तेथे 'लिसन' या ओळीत दोन्ही प्रकारचे पत्ते आहेत एवढे पाहावे. मात्र आपला इंटरनेट पुरवठादार आयपीव्ही६ची पीटीआर नोंद करून देतच नसेल, तर पत्रे अडवून ठेवण्यात अर्थ नाही. अशा वेळी पोस्टफिक्सच्या 'मास्टर डॉट सीएफ' या फाइलमधील, पत्रे बाहेर पाठवणाऱ्या एसएमटीपी सेवेपुरते 'आयनेट प्रोटोकॉल्स' आयपीव्ही४वर ठेवावे. पत्रे स्वीकारताना दोन्ही चालू राहू द्यावेत. आणि संपूर्ण आयपीव्ही६ बंद करायला सांगणाऱ्याकडून, त्याने आयसीएमपीव्ही६साठी फायरवॉलमध्ये कोणता नियम ठेवला आहे, हे आधी लेखी मागून घ्यावे.