रक्ताचा अंदाज आजच्या सीबीसीत आहे

तुमच्या आई 68 वर्षांच्या, वजन 52 किलो, सीबीसीत (रक्तपेशींच्या साध्या तपासणीत) हिमोग्लोबिन 10.4. महिन्याभराने दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचेत आणि रक्त लागेल का, हे आधी कळेल का, असं विचारलंत. छातीठोकपणे नाही, पण अंदाज चांगला बांधता येतो.

परळच्या एका रक्तपेढीत मी 26 वर्षं क्रॉसमॅच केले, म्हणजे बाटलीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते तपासलं. गुडघ्याचा फॉर्म आला की नजर आधी हिमोग्लोबिनवर. 13च्या वर आणि एकच गुडघा, तर राखून ठेवलेली बाटली बहुतेकदा फ्रिजमध्येच राहायची. 10च्या आसपास, बारीक अंगाची बाई आणि दोन्ही गुडघे, तर ती जायचीच. बारीक अंगात मुळात रक्त कमी, गेलेलं सोसत नाही.

एका गुडघ्यामागे हिमोग्लोबिन साधारण दोन-तीनने उतरतं. मांडी-पोटरीत मुरलेलं रक्त ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत) दिसत नाही, म्हणून पहिल्या संध्याकाळचा रिपोर्ट बघून हुश्श करू नका. खरा तळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. हल्ली बहुधा 8च्या खाली गेल्यावर किंवा धाप, चक्कर असेल तर रक्त देतात. आता 10.4मधून तीन वजा करून बघा.

पण हा महिना तुमच्या हातात आहे. आकडा कमी का, ते शोधा. गुडघेदुखीवाली माणसं वर्षानुवर्षं पेनकिलर घेतात, त्याने पोटात थेंबथेंब रक्त जातं. वर ॲसिडिटीची गोळी, ती लोह नीट शोषू देत नाही. (आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा, हे तर घरोघरी!) फेरिटिन करा, त्यात शरीरातला लोहाचा साठा कळतो. ते ठीक असून पेशी बारीक असतील तर थॅलसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची) तपासणी करा. मुंबईत असे पुष्कळ सापडतात, आणि नुसत्या लोहाने त्यांचा आकडा हलत नाही. लोहच कमी असेल आणि गोळ्यांना वेळ पुरणार नसेल, तर शिरेतून देता येतं.

सर्जनना दोन गोष्टी विचारा: ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) देणार ना, आणि एकेक गुडघा केला तर? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

रक्तगटाची आणि अँटिबॉडीची तपासणी आदल्या दिवसावर ठेवू नका. 1952 साली डॉ. भेंडे यांनी याच शहरात शोधलेला बॉम्बे रक्तगट साध्या तपासणीत ‘ओ’सारखाच दिसतो. दुर्मिळ आहे, पण ऑपरेशनच्या सकाळी कळला तर त्याच गटाचा दाता कुठून आणणार?

फेरिटिन आलं की सांगा.