नोकरी-धंदा सांभाळून होमगार्ड होता येतं का? पोलिसांसारखे अधिकार खरंच असतात का?

तुम्ही विचारलंय की खासगी नोकरी करता करता होमगार्डमध्ये जावं का, चार पैसे सुटतात का, आणि खाकी घातली की पोलिसांचे अधिकार मिळतात का. मी नऊ वर्षं होमगार्ड आहे. एरवी तालुक्याच्या गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून (म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून) द्यायचं दुकान चालवतो.

आधी अधिकारांचं सांगतो, कारण नव्या पोरांचा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे हे दल 6 डिसेंबर 1946 ला मुंबई प्रांतात उभं राहिलं. दंगलींच्या त्या काळात पोलिसांना हाताशी माणसं हवी होती. त्यासाठी 1947 मध्ये केलेल्या कायद्यावर ते आजही चालतं. कामावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण आहे, असं तो कायदा म्हणतो. 'बोलावलेल्या' या शब्दाखाली दोन रेघा मारा. बंदोबस्त सुटला की तुम्ही गावातला एक माणूस, बस्स. घरी जाताना कुणी सिग्नल तोडला म्हणून त्याची गाडी अडवलीत, तर तो तुम्हाला 'तुम्ही कोण?' विचारणार आणि त्याचं बरोबर असणार. आणि बंदोबस्तातही आपण पोलिसांच्या हाताखाली असतो. गुन्हा नोंदवणं, तपास करणं हे आपलं काम नाही.

मग काम काय? उभं राहणं. आणि बोलणं. गणपती, नवरात्र, यात्रा, परीक्षा केंद्रं, निवडणुका. लोकांना वाटतं लाठी महत्त्वाची. माझ्या लाठीचा सर्वात जास्त उपयोग पहाटे तीन वाजता टेकून उभं राहायला झालाय.

एक प्रसंग सांगतो. दुसऱ्याच वर्षी अनंत चतुर्दशीला माझा पॉइंट होता नदीच्या घाटाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. मूर्ती आत जाऊ द्यायच्या, वाहनं नाही, एवढंच काम. साडेदहाला आमच्याच गल्लीचं मंडळ आलं, ट्रॅक्टरसकट. पुढे कोण, तर माझ्याकडून उधारीवर पाण्याची मोटार भरून नेलेलं गिऱ्हाईक. 'अरे आपलाच माणूस आहे, सोड की रे!' आता अनोळखी माणसाला अडवणं सोपं असतं. ज्याच्या घरी आपण जेवलोय त्याला अडवायला जीभ रेटत नाही. मी नुसता कसनुसा हसलो. त्या हसण्याला त्यांनी होकार समजून ट्रॅक्टर चार फूट पुढे घेतला, आणि मागून बायका-पोरांची गर्दी येत होती.

तेवढ्यात पॉइंटवरचे हवालदार आले. आवाज चढवला नाही. ड्रायव्हरला म्हणाले, 'चावी द्या, विसर्जन झालं की माझ्याकडून न्या.' मग पोरांना, 'मूर्ती खांद्यावर घ्या, मी वाट करून देतो.' आणि खरंच पुढे होऊन वाट करून दिली. पाच मिनिटांत विषय संपला. नंतर चहा पिताना मला म्हणाले, 'आधी नाही म्हणायचं, मग हसायचं. तू उलटं केलंस.' त्या गिऱ्हाइकाची उधारी मात्र पार दिवाळीनंतर आली.

पोलिसाची बदली होते. आपली होत नाही. ज्या चौकात आज शिट्टी मारली त्याच चौकात उद्या दुकान उघडायचं असतं, हे जमणार असेल तरच या. उलट याच ओळखीचा फायदाही होतो. यात्रेत हरवलेलं पोर कुठल्या वस्तीवरचं, हे बाहेरून आलेल्या पोलिसापेक्षा आपल्याला लवकर कळतं. भांडणात कुणाच्या काकाला बोलवावं तेही.

पैशाचं. हा पगार नाही, भत्ता आहे. जितके दिवस बंदोबस्त तितकाच. दिवसाला 570 रुपये मिळायचे, 2024 मध्ये ते 1083 झाले. फरक मोठा आहे, पण काम सणासुदीला आणि निवडणुकांना एकगठ्ठा येतं, मधले महिने कोरडे जाऊ शकतात. पीएफ नाही, पेन्शन नाही. बिलं बनून, मंजूर होऊन मग रक्कम खात्यावर येते, त्यामुळे याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता बांधू नका. 'पुढेमागे कायम करतील' या आशेवर तर मुळीच येऊ नका. हिमाचलच्या होमगार्डांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केलं की सेवेत कायम करता येणार नाही. मात्र 30 दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरला पाहिजे, असंही तिथेच सांगितलं. वय असेल तर एक खरा फायदा आहे: तीन वर्षं सेवा झाली की पोलीस भरतीत होमगार्डांसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधूनच तेवढ्या राखीव. आमच्या पथकातली दोन पोरं तशी लागली.

नोकरीचं म्हणाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा. निरोप कधी आठवडाभर आधी येतो, कधी आदल्या संध्याकाळी. निवडणुकीला दुसऱ्या जिल्ह्यातही पाठवतात, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं. मी धंदेवाला, शटर ओढलं की मोकळा. तुमचं तसं नसेल. घरच्यांनाही विचारा. या नऊ वर्षांत घरच्या गणपतीच्या विसर्जनाला मी एकदाही नव्हतो. बायको आता काही म्हणत नाही, पण मोदक डब्यात भरून देताना झाकण जरा जोरात लावते.

पात्रता फार अवघड नाही. दहावी पास, वय 20 ते 50, उंची पुरुषांना 162 आणि महिलांना 150 सेंटीमीटर. मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर धावणं आणि गोळाफेक. भरती जिल्हावार निघते, त्यामुळे दहावीचं प्रमाणपत्र आणि रहिवासाचे कागद आत्ताच एका फाईलला लावून ठेवा. धावायची तयारी सगळेच करतात. तुम्ही जोडीला सलग आठ तास उभं राहून बघा. आणि बूट मिळाले की पहिल्या बंदोबस्ताआधी आठवडाभर घरात घालून फिरा. मी नव्याकोऱ्या बुटांनिशी मिरवणुकीला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी दुकानात अनवाणी बसलो.