स्नोबोर्डची प्रश्नोत्तरं : आधी खांदे शांत ठेवा

डिसेंबर आला, गुलमर्गची तिकिटं निघाली की मुंबईकरांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

कार्व्हिंग म्हणजे फक्त वळणंच ना?
नाही, बोर्ड कडेवर कलंडून नोज (पुढचं टोक) ज्या चरीतून गेलं त्याच चरीतून टेल (मागचं टोक) गेली तरच ते कार्व्हिंग.

रीलमध्ये सांगतात खांदे जोरात फिरवा, बोर्ड मागोमाग येतो. पण टाचेच्या वळणावर (टाचेकडच्या कडेवर वळताना) माझी टेल घसरते. (बोरिवली)
घसरणारच! या रील्सनी वैताग आणलाय. खांदे फिरवले की बोर्ड वळतो, पण घसटत, कारण कमरेवरचं धड म्हणजे अंगातलं निम्म्याहून जास्त वजन, ते झटक्यात फिरलं की टेल बाहेर फेकली जाते, कडेची पकड सुटते आणि बोर्ड थडथड उडायला लागतो. पुढचा हात नोजवर, मागचा टेलवर, खांदे बोर्डाच्या रेषेत, नजर पायाशी नाही तर वळणाच्या पुढे, आणि सुरुवात घोट्यातून आणि गुडघ्यातून. कमरेत वाकू नका. गेल्या जानेवारीत एका मुलाला मागच्या हाताने पँटची शिवण धरून ठेवायला लावली, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा मागे बघतो तर बर्फात पेन्सिलीने ओढल्यासारखी एकच बारीक रेघ, आणि शेजारीच आधीची झाडू मारल्यासारखी फरफट. घरी आरशासमोर झाडूचा दांडा खांद्यांवर आडवा धरून सराव करा, तो दांडा हलता कामा नये. तरी ट्रेनरला मागून एकदा बघायला सांगाच, आपलं आपल्याला कळत नाही.

गोंडोलाने (रोपवेने) वर अफरवटच्या डोंगरावर जाऊन प्रॅक्टिस करू का?
नको. जवळजवळ ४,००० मीटरवर मऊ, न दाबलेला बर्फ, तिथे कड धरणार कशी? खालच्या सोप्या उतारावरच करा.

दुकानदार म्हणतो महागड्या कार्व्हिंग बोर्डाने पोश्चर सुधारतं. (मुलुंड)
विकायचाय त्याला. आठवडाभराच्या ट्रिपला भाड्याचा घ्या, कडेवर नख घासून धार बघा, बुटात टाच उचलली जात नाही ना ते बघा. बाइंडिंगचे (बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीचे) अँगल ट्रेनरकडूनच लावा, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पडताना हात टेकला, तीन आठवडे मनगट दुखतंय, शेकतोय.
तीन आठवडे?? आजच हाडांच्या डॉक्टरांकडे जा. अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दुखत असेल तर स्कॅफॉइड (मनगटातलं छोटं हाड) मोडलेलं असू शकतं, ते पहिल्या एक्सरेत कधीकधी दिसतच नाही आणि उशीर केला तर नीट जुळत नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बोर्ड बंद.