हजार तर झालेच होते

प्रश्न : ताई, माझा सात वर्षांचा मुलगा हिरोशिमाच्या सादाकोचं चित्रांचं पुस्तक रोज रात्री वाचायला लावतो. हजार कागदी करकोचे केले की इच्छा पूर्ण होते, म्हणून आजारी सादाको ते करायला घेते आणि ६४४ झाल्यावर जाते. काल तो म्हणाला, “आई, तिने भराभर केले असते तर ती वाचली असती?” मी दिवा मालवला. काय सांगायला हवं होतं?
– एक आई, नाशिक

उत्तर : दिवा मालवलात ते ठीकच. शाळेच्या ग्रंथालयात मीही या प्रश्नावर पुस्तकं आवरण्याचं सोंग केलं आहे. तिसरीतल्या एका मुलाने तर बोटांवर हिशेब करून विचारलं होतं, “उरलेले ३५६ मी केले तर चालतील?”

आता मी सरळ सांगते : ६४४ हा आकडा गोष्टीतला. सादाको सासाकीचा भाऊ सांगतो, की तिने हजार पूर्ण केले होते, आणि पुढेही ती करतच राहिली. नागोया शहरातून रुग्णांसाठी करकोचे आले, ते पाहून ती करू लागली, तो १९५५चा ऑगस्ट. ती गेली २५ ऑक्टोबरला, बाराव्या वर्षी. गोष्ट लिहिणाऱ्यांनी आकडा अपुरा का ठेवला असेल, ते कळतं. डोळ्यांत पाणी येतं. पण मुलाच्या मनात राहतं ते असं, की ती कमी पडली. हे मला पटत नाही.

म्हणून त्याला सांगा, तिचे हजार झाले होते. तरी आजार गेला नाही, कारण तो करकोच्यांनी जाणारा नव्हताच. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. अंगावर भाजल्याची खूणही नव्हती. सहावीत रिले शर्यतीत धावणारी मुलगी, आणि दहा वर्षांनी रक्ताचा कर्करोग. “मग हजारानंतरचे कशाला केले?” असं तो विचारेल. विचारू दे. मला तरी कुठे ठाऊक आहे!

आणि त्याच्याबरोबर एक करून बघा. तिला कागद पुरत नसे, म्हणून ती औषधांच्या पुड्यांचे कागद वापरायची. काही करकोचे इतके इवले, की घड्या सुईने घातलेल्या. तुमच्याकडेही औषधाच्या खोक्यात घडीचा पातळ कागद असतो, त्याचाच चौकोन कापा. पहिला करकोचा मान टाकेल. माझे अजूनही टाकतात.