"आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू" असं शाळा म्हणते तेव्हा

मागच्या अंकात आपण शिकताना अडचण येणाऱ्या मुलांच्या पालकांकडून प्रश्न मागवले होते. भरपूर आले, त्यातले चार इथे घेतेय. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मुलगा चौथीत आहे, सातारा जिल्ह्यात मराठी शाळेत. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, तोंडी हिशोब पटापट करतो, पण वाचायला बसला की एकेक अक्षर लावत बसतो, जोडाक्षर आलं की अडलाच, लिहिताना काना-मात्रा-वेलांट्या गायब. बाई म्हणतात आळशी आहे, हेडमास्तर म्हणतात आधी एलडीचं (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचं) सर्टिफिकेट आणा मग बघू, आणि सासूबाई म्हणतात मोठा झाला की येईल सगळं. सर्टिफिकेट कुठे मिळतं आणि तोपर्यंत मी काय करू?

सर्टिफिकेटचं सांगते, पण आधी हेडमास्तरांचं वाक्य घेऊ, कारण हे वाक्य मला अगदी मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतच्या पालकांकडून ऐकायला मिळतं आणि ते ऐकलं की खरंच जीव तळमळतो. कायदा नेमका याच्या उलट सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्यातल्या २१ प्रकारांमध्ये स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे आपण ज्याला एलडी म्हणतो तीसुद्धा आहे. त्याचं कलम १६ सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांबद्दल आहे. त्यात लिहिलंय की मुलांमधली लर्निंग डिसॅबिलिटी लवकरात लवकर ओळखायची आणि त्यावर शिकवण्याचे योग्य ते उपाय करायचे, शिवाय मुलाला गरजेप्रमाणे वैयक्तिक मदत द्यायची आणि त्याची प्रगती बघत राहायची. आता बघा, ओळखायचं काम कोणावर टाकलंय? शाळेवर. मुलगा दाखला घेऊन येईपर्यंत हाताची घडी घालून बसा असं त्यात कुठेच नाहीये.

हां, कलमाची सुरुवात "प्रयत्न करावा" अशा मऊ शब्दांनी होते आणि काही शाळा त्याचाच आधार घेतात, हेही तुम्हाला माहीत असू दे. पण अंध, कर्णबधिर, मतिमंद, एलडी कुठलंही मूल असो, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, असं याच कायद्यात लिहिलंय आणि सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ते फार ठामपणे मांडलंय. म्हणून तुम्ही आता तोंडी बोलणं थांबवा. एक साधा अर्ज लिहा, मुलाला नेमकं काय जमत नाही ते दोन-चार ओळीत, सोबत त्याच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स, आणि खाली एवढंच की कलम १६ प्रमाणे शाळेने प्राथमिक तपासणी करून मदत सुरू करावी. अर्ज ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. एक प्रत गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात द्या, तिथे समग्र शिक्षा अभियानाचे समावेशित शिक्षणाचे (दिव्यांग मुलांना इतरांबरोबरच शिकवण्याचं काम बघणारे) लोक असतात, त्यांना शाळेत येऊन मुलाला बघायला सांगा.

आता मदत म्हणजे काय, तर चौथीच्या मुलासाठी फार मोठं काही नाही. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नको, बाईंनी छापील किंवा लिहिलेलं पान द्यावं, पहिल्या बाकावर बसवावं, इतिहास-परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घ्यावीत म्हणजे त्याला खरंच काय येतं ते कळेल, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये. आणि रोज थोडा वेळ वाचनाचा वेगळा सराव, त्यात आवाज आणि अक्षर यांची जोडी पक्की करणं, मग स्वरचिन्हं एकेक करून, मग जोडाक्षरं फोडून. तेच तेच धडे दहा वेळा लिहायला लावून हे होत नाही, उलट मूल वहीलाच घाबरायला लागतं.

तपासणीचं असं की सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे कितीतरी लोक विसरतात. मग बालरोगतज्ज्ञ, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे बुद्ध्यांकाची चाचणी, आणि मग वाचन, लेखन, गणित यांच्या वेगळ्या चाचण्या, त्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेला चाचणीसंच वापरतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं एलडी क्लिनिक बरंच जुनं आहे. तुम्ही तुमच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी जाऊन चौकशी करा आणि यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून ठेवा. केंद्राच्या सूचनांप्रमाणे एलडीचा पहिला दाखला वयाच्या ८ वर्षांनंतर मिळतो, पुन्हा तपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी. तुमचा मुलगा त्या वयाचा झालाय, म्हणजे थांबायचं काही कारण नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा तिथे, मुलगा मराठी माध्यमात शिकतो म्हणून वाचन-लेखनाची चाचणी मराठीतच घ्या. इंग्रजी उतारा वाचता आला नाही यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. आणि रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावरचा निष्कर्ष वाचून फाईलला लावू नका, मधली पानं समोर ठेवून सायकॉलॉजिस्टना विचारा की याला नेमकं कुठे अडतं आणि बाईंनी उद्यापासून वर्गात काय करायचं. तपासणी त्यासाठीच असते हो. मार्कांची सवलत हा तिचा अगदी छोटा भाग आहे.

प्रश्न : मुलगी दुसरीत, ठाण्यात खाजगी इंग्रजी शाळा. ऑटिझम आहे, ६० टक्क्यांचा दाखला आहे. शाळा म्हणते एकतर तुमच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलीसोबत बसणारी मदतनीस) ठेवा नाहीतर टीसी घेऊन स्पेशल स्कूलला घाला. काय करावं? (बाबा)

दादा, टीसीसाठीचा अर्ज तुम्ही स्वतःच्या सहीने अजिबात देऊ नका. शाळा काढून टाकत नाहीत, पालकांकडूनच अर्ज लिहून घेतात आणि मग कागदावर तुम्हीच स्वखुशीने गेलेले दिसता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये पाचवी आणि आठवीत नापास करण्यापुरता बदल झाला, पण काढून टाकायची बंदी तशीच आहे. आणि दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत जायचं की स्पेशल स्कूलमध्ये, हे ठरवायचा हक्क तुमच्याकडचा आहे, शाळेचा नाही.

स्पेशल स्कूल वाईट असं मी म्हणत नाहीये, काही मुलांना तिथेच छान फुलताना मी बघितलंय, पण तो निर्णय मुलीकडे बघून व्हायला हवा. शॅडो टीचरबद्दल शाळेला लेखी विचारा की मुलीला कुठल्या वेळी, कुठल्या कामासाठी मदत लागते असं तुम्हाला वाटतं आणि शाळेकडे असलेल्या स्पेशल एज्युकेटरने आत्तापर्यंत काय काय करून बघितलं. बरेचदा मधली सुट्टी, घंटेचा आवाज, एका वर्गातून दुसरीकडे जाणं एवढ्याच वेळा कठीण असतात आणि दिवसभर माणूस लागतच नाही. लेखी उत्तर दिलं नाही किंवा दबाव चालूच राहिला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करा. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे अर्जात लिहिलं तरी चालेल.

प्रश्न : मी नववीत आहे, मला डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आहे, सर्टिफिकेट आहे पण त्यावर ४० टक्के नाहीत. दहावीला रायटर (लेखनिक) मिळेल का? आणि सगळ्या सवलती घेतल्या तर कॉलेजमध्ये प्रॉब्लेम येईल का?

तू स्वतः पत्र लिहिलंस, खूप बरं वाटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या केसमध्ये सांगितलं की लिहिताना खरोखर अडचण असेल तर ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा देणाऱ्या, तुझ्यासारखाच डिसग्राफिया असलेल्या मुलीची केस आली, तिला केंद्रावर जास्तीचा तास न देता पेपर काढून घेतला होता, कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांपेक्षा कमी असणाऱ्यांसाठी लेखनिकाच्या वेगळ्या सूचना काढल्या, त्या मुख्यतः भरतीच्या आणि प्रवेशाच्या परीक्षांसाठी होत्या, तू पुढे अशी परीक्षा देशील तेव्हा त्या वेळी लागू असलेल्या सूचना बघ.

दहावीसाठी अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो म्हणून आत्ता नववीतच हेडमास्तरांना भेट, ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको. तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, ती जरूर घे. रायटर घेणार असलास तर त्याच्यासोबत आधी घरी पूर्ण पेपर सोडवून बघ, मनातलं उत्तर दुसऱ्याला सांगत लिहून घेणं ही वेगळीच सवय आहे आणि ती एका दिवसात लागत नाही. तुझ्या कॉलेजच्या प्रश्नाचं उत्तर, जास्त वेळ किंवा रायटर घेतल्याने कुठलाही दरवाजा बंद होत नाही. विचार करायचा तो फक्त विषय बदलण्याच्या सवलतीचा, म्हणजे गणित सोडून सोपं अंकगणित वगैरे. तुला सायन्सला जायचं असेल तर गणित सोडू नकोस, घरच्यांनी, क्लासवाल्यांनी कितीही सांगितलं तरी.

प्रश्न : मिस्टरांची बदली न्यू जर्सीला झालीय, जूनमध्ये जातोय. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझम, अजून मराठीच बोलतो, तेही थोडं. तिथे काय असतं? आणि सगळे म्हणतात आता घरात इंग्रजीच बोला.

घरात मराठी बोला. ज्या भाषेत आई मनापासून बोलते, गाणी म्हणते, रागावते, ती काढून घेतली तर मुलाशी बोलणंच कमी होतं, आणि त्याच्या ऑटिझममुळे दोन भाषा झेपणार नाहीत ही भीती निराधार आहे.

तिथला कायदा आयडिया नावाने ओळखला जातो, मूळ १९७५ चा, ३ ते २१ वयाच्या दिव्यांग मुलांना पब्लिक स्कूलमध्ये मोफत आणि योग्य शिक्षण द्यायलाच लागतं. आपल्यापेक्षा मोठा फरक हा की तिथे अशा प्रत्येक मुलाची आयईपी नावाची लेखी योजना बनते, त्यात कुठली थेरपी, आठवड्यातून किती वेळ, कोण देणार, वर्षात काय यायला हवं हे सगळं असतं आणि ते पाळणं शाळेवर बंधनकारक असतं. २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नावापुरती प्रगती चालणार नाही, योजना त्या मुलाच्या परिस्थितीप्रमाणे खरी प्रगती होईल अशीच हवी. मला हे आपल्याकडे कधी येईल असं फार वाटतं.

तुम्ही पोचलात, घराचा पत्ता मिळाला की स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेच्या) स्पेशल सर्व्हिसेस विभागाला लेखी पत्र द्या की मुलाचं इव्हॅल्युएशन म्हणजे तपासणी करावी. न्यू जर्सीत त्यानंतर २० दिवसांत चाइल्ड स्टडी टीमने, म्हणजे शाळेच्या तज्ज्ञांच्या गटाने, तुमच्याबरोबर मीटिंग घ्यायची असते, आणि तुम्ही संमतीची सही केल्यापासून ९० दिवसांत तपासणी होऊन योजना सुरू व्हायला हवी. इथले रिपोर्ट त्यांना तसेच्या तसे मान्य नसतात पण ते वाचून विचारात घ्यावे लागतात, म्हणून सगळे इंग्रजीत करून न्या, थेरपिस्टची पत्रं आणि मुलाचे दोन-तीन व्हिडिओपण.

चाचणी मुलाला येणाऱ्या भाषेत घ्यायची हा नियम तिथे आहे आणि तो सहज नाही आलेला, कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीत चाचण्या देऊन मतिमंद ठरवलं गेलं होतं, त्यावर १९७० मध्ये पालक कोर्टात गेले तेव्हा ते बदललं. म्हणून पत्रातच लिहा की घरची भाषा मराठी आहे. तुम्हाला स्वतःला मीटिंगमध्ये दुभाषी हवा असेल तर तोही मागा, पैसे लागत नाहीत. आणि पहिली आयईपी समोर ठेवली की तिथल्या तिथे सही करायची काही घाई नसते, तुमच्या सहीशिवाय ती सुरू होत नाही, घरी आणून शांतपणे वाचा आणि थेरपीच्या वेळा आकड्यांत लिहिल्यात का ते बघा, "गरजेनुसार" असं लिहिलं असेल तर बदलून मागा.