एचआर रोज राजीनामा मागतोय, सही करू का?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षं नोकरी झाली, आता एचआर रोज केबिनमध्ये बसवून राजीनामा मागतोय, नाही दिला तर रिलिव्हिंग लेटर खराब देतो म्हणतोय. सही अजिबात करू नका.

माझ्यावर 2016 ला हीच वेळ आलेली. शिरोली एमआयडीसीतली फौंड्री, फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला, 11 वर्षं. ऑर्डरी कमी झाल्या की जुनी माणसं डोळ्यात खुपायला लागतात. आधी पाळी बदलली, मग ग्राइंडर काढून घेतला आणि टाइम ऑफिसच्या बाहेर बाकड्यावर बसवलं, आठ तास नुसतं बसायचं, ज्या पोरांना मी काम शिकवलं ती पोरं मान खाली घालून पुढनं जायची. असे 17 दिवस. रोज चार वाजता तोच टाईप केलेला कागद, "वैयक्तिक कारणास्तव".

घरात थोरले दादा म्हणायचे, सही करून टाक, एमआयडीसीत नाव खराब झालं की कोण दारात उभं करत नाही. मी म्हटलं दादा, मी चोरी केली नाही, काढायचं तर लेखी काढू देत. कंपनीनं कमी केलं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर भरलेल्या दर वर्षाला 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. राजीनामा दिला की हे गेलं, ग्रॅच्युइटी तेवढी राहते. सही त्यासाठीच पाहिजे असते त्यांना.

अठराव्या दिवशी रजिस्टर एडीनं पत्र टाकलं, मी रोज हजर आहे, काम द्या, राजीनाम्यासाठी दबाव आणू नका. प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात देऊन शिक्क्याची पोच घेतली. तिथं दोन तारखा झाल्या, तिसरीला कंपनीनं 11 वर्षांचा हिशेब करून चेक दिला, ग्रॅच्युइटी वेगळी. दोन महिन्यांत गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला लागलो पण. नाव कुठं खराब झालं? दादा अजून मानत नाहीत. त्यांनी 2009 ला कुणाला न विचारता सही केली होती, हातात काही आलं नाही, तेच त्यांना सलतंय असं मला वाटतं.

हां, हे कामगारांचं झालं, आणि वर्षात 240 दिवस भरलेले पाहिजेत. मॅनेजरला हे लागू नाही. सुपरवायझर असाल आणि पगार 18,000 च्या वर असेल तरी नाही, मग अपॉइंटमेंट लेटर घेऊन वकील गाठा. सही आधीच केली असेल तर मंजूर व्हायच्या आत, आजच मेल टाका की दबावाखाली घेतलीय, मागं घेतोय.