घानाचे मणी, खंबायती अकीक आणि सारखा तुटणारा हार

घानाचे क्रोबो मणी, गुजरातेतल्या खंबायतचे अकीक दगडाचे मणी आणि व्हेनिसचे काचमणी एकाच हारात ओवलेत, नायलॉनचा दोरा दोनदा तुटला, आता आणखी जाड दोरा कुठे मिळेल, असं विचारलंय तुम्ही. जाड दोरा घेऊ नका, ताई. तोही तुटेल, फार तर थोडा उशिरा. आधी एकेका मण्याचं भोक उजेडाकडे धरून आतून बघा.

माझा संशय क्रोबोवर. घानात बाटल्यांच्या काचेची पूड मातीच्या साच्यात भरून हे मणी भाजतात. भोकासाठी साच्यात मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत तो जळून जातो आणि पोकळी उरते. अर्धपारदर्शक मणी काचेच्या मोठ्या तुकड्यांचे असतात, ते गरम असतानाच सळईनं भोसकतात. नंतर वाळूपाण्यानं बाहेरून घासून गुळगुळीत केले, तरी भोकाची कड बऱ्याचदा खरबरीत राहते. नख फिरवा, लगेच कळेल.

अकीकाचं दुखणं वेगळं. खंबायतला जुन्या पद्धतीनं कमानीच्या सामत्यानं (कमानीनं फिरवायच्या गिरमिटानं), टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवून, मणी दोन्ही बाजूंनी विंधतात. मध्ये दोन भोकं नेमकी जुळली नाहीत तर आत पायरी पडते. सुई तिथंच अडते आणि दोराही तिथंच झिजतो. व्हेनिसच्या मण्यांत फारशी कटकट नाही. काच धातूच्या सळईवर गुंडाळतात, ती चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाची पांढरी भुकटी कधी भोकात राहते. ती ओल्या बारीक ब्रशनं काढा.

क्रोबो आणि अकीक मात्र डायमंड रीमरनं, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक, टोकदार कानशीनं, भोकातून साफ करावे लागतील. मणी पाण्यात बुडवून, हातानं, सावकाश. कोरडं अजिबात घासू नका. अकीकाच्या धुळीनं खंबायतच्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो, पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. हौसेपायी ती धूळ आपण कशाला नाकात घ्यायची?

ओवायला ४९ तारांची, नायलॉनचं आवरण असलेली स्टीलची वायर घ्या, ०.४८ मिमी जाडीची. अकीकाच्या भोकातून जाते का ते आधी एका मण्यावर बघा. दोन क्रोबोंच्या मध्ये एक बारीक पितळी मणी टाका, म्हणजे कडा एकमेकींवर आपटणार नाहीत. पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्यायचं मनात असेल तर नुसत्या अकीकाचा सर वेगळा करा. क्रोबोला रेशीम टिकत नाही, त्यांना मेणाची दोरी किंवा चामड्याची वादी बरी.

क्रिम्प (वायरचं टोक पकडून ठेवणारा धातूचा बारीक मणी) दाबण्याआधी हार गोल वळवून बघा आणि वायर दोन-तीन मिलिमीटर ढिली ठेवा. ताणून बसवलेली वायर क्रिम्पपाशीच मोडते, आणि मग पुन्हा दोऱ्यालाच दोष दिला जातो.